केकमधली काळी पुरचुंडी

"बाई, तुमचा साचा परत घ्या. मला आता लागायचा नाही."

सकाळचे साडेसात वाजले होते. दारात मालिनी पाराशरे उभी होती. हातात केकचा साचा, अंगावर शाल आणि रात्रभर न मिटलेले डोळे. त्र्याऐंशी सालचा जानेवारी होता, आणि द्वारका चौकात ट्रकवाले अजून शेकोटीभोवती बसले होते. एवढ्या थंडीत गंगापूर रोडवरून नुसता साचा परत करायला कोणी येत नाही, हे यशोदाबाईंना सांगावं लागलं नाही.

यशोदाबाई गांगुर्डे मुलींच्या शाळेत गृहविज्ञान शिकवत आणि सुट्टीत घरी केकचे वर्ग घेत. वय बावन्न, चष्म्याच्या वरून बघायची सवय आणि जीभ धारदार. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या बायकांत मालिनीइतकी मन लावून शिकलेली दुसरी नव्हती.

"आधी आत ये. केक बसला का?"

"केक छान फुलला होता, बाई. पण कापला तेव्हा आतून करणी निघाली."

यशोदाबाईंनी साचा काढून घेतला, तिला खुर्चीवर बसवलं आणि स्टोव्हवर चहा ठेवला. करणी, भानामती, मूठ मारणं हे सगळं त्यांच्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धर्म घेतला तेव्हाच घराबाहेर काढलं होतं. ते परत आत घ्यायचा त्यांचा विचार नव्हता.

"पहिल्यापासून सांग. रडायचं असेल तर मधे मधे रड, पण क्रम चुकवू नकोस."

मालिनी रडली नाही. तिने क्रमाने सांगितलं. पाराशऱ्यांचं घर उपाध्यायांचं. थोरले दीर ढुंढिराज रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करत. त्यांची बायको श्यामला, आणि त्यांची एकुलती एक मुलगी चिमू. मालिनीचा नवरा उपेंद्र विमा कचेरीत होता. घरात सासूबाई होत्या. मालिनीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. चिमूला न्हाऊ घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं तीच करायची. काल, रविवारी, चिमूला पाच वर्षं पूर्ण झाली. तिला बाहुलीचा केक हवा होता. वर खरी बाहुली आणि तिचा घेरदार झगा केकचा.

"अंडं घातलं नाहीस ना?"

"दह्या-सोड्यावर केला. अंड्याचं नाव काढलं असतं तर सासूबाईंनी साच्यासकट मला गोदावरीत टाकलं असतं."

"पुढे."

"साच्यात मधे नळी आहे, त्यामुळे घेराच्या मधोमध आरपार पोकळी राहिली. पण बाहुली फार उंच निघाली. मग तुम्ही वर्गात सांगितलं होतंत तसे तिचे पाय उपटून काढले, कंबरेला बटरपेपरची सुरळी गुंडाळली आणि पोकळीत उभी केली. तेव्हा सगळे जेवून लवंडले होते. चिमूने पाहिलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. पाय माझ्या ट्रंकेत कुलूप लावून ठेवले. नंतर परत बसवून तिला द्यायची होती ना बाहुली."

"कोणी पाहिलं?"

"कोणी नाही. मी सांगितलंही नाही कोणाला."

"आयसिंग?"

"लोण्याचं. दोन वाजता काम संपलं. जोड दिसू नये म्हणून कंबरेला पांढरी झालर काढली. उरलेलं आयसिंग चिमूने बोटांनी चाटून संपवलं. केक जाळीच्या कपाटात ठेवला आणि तीन वाजता तिला घेऊन मी फुगे, गजरे आणायला गेले. साडेचारला परत आलो."

"त्या दीड तासात घरात कोण होतं?"

"सासूबाई, वहिनी आणि हे. दादा रामकुंडावर होते, ते साडेपाचला आले."

सहा वाजता औक्षण झालं. शेजारपाजारच्या पंधराएक बायका होत्या, पोरं वेगळी. श्यामलाने चिमूचा हात धरून झग्याच्या घेरात सुरी घातली. सुरी अडली. तिने जोर लावला तशी एक मोठी फोड सुटून आली आणि तिच्यामागून काळ्या कापडाची पुरचुंडी ताटात पडली. गाठ सोडली तर आत लिंबू, लिंबात टोचलेल्या सात सुया, बिब्बा आणि हळदकुंकू.

"कापड माझ्या शिवणाच्या पेटीतलं. सुया माझ्या. केक मी केलेला. आणि मूल मलाच नाही." मालिनीचा आवाज एकदम बारीक झाला. "यापुढे आणखी काय पुरावा लागतो, बाई? सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, वांझेने माझ्या नातीवर डाव धरला. चिमू रडत माझ्याकडे येत होती. वहिनींनी तिला ओढून नेलं आणि मिठाच्या पाण्याने आंघोळ घातली. मी हात लावला होता ना तिला."

"आता काय ठरलंय?"

"दुपारी एकच्या गाडीने हे मला इगतपुरीला भावाकडे सोडणार. परत या उंबऱ्यात पाऊल नको, असं सासूबाईंनी बजावलंय."

"आणि नवरोजी?"

"ते म्हणाले, काही दिवस राहा, मी आईची समजूत घालतो."

यशोदाबाईंनी चहा गाळला. त्यांना राग आला होता, आणि राग आला की त्यांचं डोकं फार थंड होत असे.

"घरात अलीकडे काही वेगळं घडलंय? भांडण, आजार, नवं काही?"

"भांडण नाही. डिसेंबरात मीच हट्ट धरून दोघांची तपासणी करून घेतली. शालिमारजवळच्या डॉक्टरीणबाईंकडे. त्याचे कागद परवा, शनिवारी मिळणार होते. हे आणायला गेले होते, पण दवाखाना बंद होता म्हणाले."

"मग आज उघडा असेल. तू इथून तिकडे जा. स्वतः विचार. मग सावकाश घरी ये. तोवर मी तुझ्या घरी जाते."

"तुम्ही? काय सांगून?"

"माझ्या साच्याचं झाकण राहिलंय म्हणून."

"साच्याला झाकण नाहीये, बाई."

"ते तुझ्या सासूबाईंना कुठे ठाऊक आहे?"

यशोदाबाईंनी शाळेत चिठ्ठी पाठवली आणि रिक्षा धरली.

पाराशऱ्यांच्या घरी नऊ वाजताही पताका तशाच लटकत होत्या. यशोदाबाईंना ओटीवर खुर्ची मिळाली. चहा काचेच्या ग्लासात आला. घरातल्यांचे कप आत फडताळात दिसत होते. यशोदाबाईंच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी ते तिथेच सोडून दिलं. आज त्या स्वतःच्या मानपानासाठी आल्या नव्हत्या.

मालिनीच्या सासूबाई, म्हणजे चिमूच्या आजी, समोर पाटावर बसल्या होत्या. झाकणाचा विषय दोन मिनिटांत संपला, आणि मग त्यांना कोणी विचारावं लागलं नाही.

"तुम्हीच शिकवलंत ना तिला हे केकबिक? बघा काय दिवे लावलेत तुमच्या शिष्येने!"

"ऐकलं. पण आजी, करणीच कशावरून? कोणी पोरासोरांनी चेष्टा केली असेल."

"चेष्टा? लिंबू, सुया, बिब्बा ही चेष्टा? आणि बाहुलीचे पाय तोडले मेलीने! माझ्या चिमूचे पाय जावेत म्हणून. ते कळलं तेव्हाच माझी खात्री पटली."

यशोदाबाईंनी ग्लास खाली ठेवला.

"तुम्ही पाहिलेत पाय तोडलेले?"

"पाहिले म्हणजे... सगळ्यांनाच ठाऊक आहे. श्यामलाच म्हणाली की काय."

श्यामला स्वयंपाकघरात होती. चिमू तिच्या पदराला धरून उभी होती आणि "काकू कुठे गेली?" हे तिने यशोदाबाईंसमोरच दोनदा विचारलं. दोन्ही वेळा श्यामलाने तिला जवळ ओढलं. ती वाईट बाई नव्हती, घाबरलेली होती. घाबरलेली आई काय वाटेल ते खरं मानते.

"काल तीन ते साडेचार तुम्ही कुठे होतात?"

"हिच्या फ्रॉकला इस्त्री केली. मग जरा डोळा लागला."

"हे कपाट उघडल्याचा आवाज आला?"

"जाळीच्या कपाटाचा कसला आवाज? आणि उघडणार कोण? केक तिनेच केला, तिनेच ठेवला."

"बाहुलीचे पाय तोडलेत, असं तुम्ही म्हणालात का काल?"

"मी? नाही. आईच म्हणाल्या असतील. पण खरं आहे ना ते?"

"खरं आहे," यशोदाबाई म्हणाल्या. "म्हणूनच विचारतेय."

मागच्या दाराशी हात धुवायचा नळ होता आणि वर भिंतीला आरसा. उपेंद्र तिथे दाढी करत होता. अर्धा गाल साफ, अर्ध्यावर फेस. यशोदाबाईंना पाहून त्याने टॉवेलने चेहरा पुसला. देखणा, मऊ बोलणारा माणूस.

"बाई, तुम्ही आलात ते बरं केलंत. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण आईचं वय झालंय."

"काल दुपारी घरीच होतात?"

"हो, पताका लावत होतो पुढच्या खोलीत."

"स्वयंपाकघरात गेला होतात?"

"पाणी प्यायला एकदा गेलो असेन."

"कोणी केलं असेल हे, तुमच्या मते?"

उपेंद्रने मान खाली घातली. "मालिनी असं करेल असं वाटत नाही. पण नऊ वर्षं झाली, बाई. माणूस आतून पोखरत जातं. तिचा तरी काय दोष म्हणा."

बोलणं सगळं मायेचं होतं. पण त्यात एकदाही तो "तिने केलं नाही" असं म्हणाला नाही.

तेवढ्यात ढुंढिराज आले. घाटावरची सकाळची कामं उरकून, नेहमीच्या न्हाव्याकडून दाढी करून, कपाळाला गंध लावून. त्यांनी यशोदाबाईंना मागच्या अंगणात नेलं. तिथे एक टोपली पालथी घातलेली होती आणि तिच्यावर दगडी पाटा.

"गाठ सोडून आतलं पाहिलं आणि लगेच मी ताट उचललं, इथे आणलं, झाकलं. कोणाला बोट लावू दिलं नाही. बारा वाजता विधी करून नदीत सोडायचं."

"बाहुली उपसून पाहिली का कोणी?"

"कोणाची छाती आहे? पाटा रात्रभर हललेला नाही. मी मागच्या खोलीतच झोपलो होतो. झोपलो कसला, जागाच होतो."

"मी पाहू?"

ढुंढिराज घुटमळले. "तुमचं तुम्ही बघा. मी मागे उभा राहतो."

पाटा निघाला, टोपली निघाली. गुलाबी झग्याची बाहुली अजून हसत उभी होती. घेरातून एक फोड गेलेली, आत अंधारी पोकळी. यशोदाबाईंनी वाकून पाहिलं. बटरपेपरच्या चुरगळलेल्या सुरळीखेरीज आत काही दिसत नव्हतं. सुरळीत पाय आहेत की नाहीत, हे बाहेरून ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

मग त्यांनी आयसिंगवर बोट दाबलं. रात्रीच्या थंडीने लोणी दगडासारखं झालं होतं. घेरावर, छातीवर, कंबरेच्या झालरीवर, सगळीकडे. फक्त बाहुलीच्या पाठीमागे, झालर जिथे भिंतीकडे होती, तिथे चार बोटं जागा वेगळी होती. जास्त पांढरी, आणि मऊ. यशोदाबाईंनी त्यातलं थोडं बोटावर घेतलं, वास घेतला. मग बाहुली उपसली. सुरळी पोकळ होती.

हात धुवायला त्या नळाशी गेल्या. वर आरसा, खाली फळीवर ब्रश, वस्तरा, ट्यूब. त्यांनी गार पाण्याखाली बोटं धरली. लोण्याचा हात गार पाण्याने कधी निघत नाही, हे मुलींना शिकवण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली होती. हे बोट मात्र दोनदा चोळलं आणि स्वच्छ झालं.

"दादा," त्या म्हणाल्या, "अकरा वाजता सगळ्यांना पुढच्या खोलीत बसवा. बारा वाजेपर्यंत हे ताट नदीत जायचं नाही."

अकराला सगळे जमले. आजी खुर्चीवर, श्यामला चिमूला मांडीवर घेऊन जमिनीवर, ढुंढिराज दाराशी. उपेंद्र प्रवासाचे कपडे करून खिडकीपाशी उभा होता. मालिनी अजून आली नव्हती. यशोदाबाईंनी ताट आणून मधोमध ठेवलं, तशी आजींनी पाय वर घेतले.

"भिऊ नका, आजी. यात साखर, मैदा आणि लबाडी याखेरीज काही नाही," यशोदाबाई म्हणाल्या. "आता मी सांगते ते ऐका आणि जिथे चुकेन तिथे टोका.

"पुरचुंडी आत घातली कधी? मालिनीला घालायची असती तर तिने बाहुली उभी करण्याआधीच घातली असती. मग वरून झालर काढून मोकळी. पण ज्याने घातली त्याने झालर झाल्यावर बाहुली उपसली. उपसताना कंबरेची झालर मोडली. पाठीमागे मोठं खिंडार पडलं. ते बुजवायला आयसिंग हवं. आणि आयसिंग घरात उरलं नव्हतं. चिमू, उरलेलं कोणी खाल्लं ग?"

"मी," चिमू म्हणाली.

"सगळं?"

"वाटीपण चाटली."

"म्हणजे मालिनी नव्हे. एक तर तिला झालर मोडायची गरज नव्हती. दुसरं, मोडली असती तरी लोणी-साखर घोटून तिने पाच मिनिटांत नवी काढली असती. ज्याला आयसिंग करता येत नाही, अशा कोणीतरी हाताला लागलं ते पांढरं फासलं. ते हे." त्यांनी बाहुलीची पाठ फिरवली. "घाईत कोणाच्या लक्षात आलं नाही. पण हे लोणी नाही. गार पाण्याने फेस येऊन निघतं. हे दाढीचं क्रीम आहे. सुरी इथे चालली असती तर हे पोरीच्या तोंडात गेलं असतं."

श्यामलाने चिमूला आवळून धरलं.

"दादा, तुम्ही दाढी कुठे करता?"

"न्हाव्याकडे. लहानपणापासून." ढुंढिराजांनी हळूच मान वळवली आणि खिडकीकडे पाहिलं.

"बाई, ट्यूब फळीवर पडलेली असते," उपेंद्र हसून म्हणाला. "कोणीही घेईल. आई घेईल, वहिनी घेईल."

"खरं आहे. नुसत्या ट्यूबवर मी कोणाला चोर म्हणणार नाही. म्हणून दुसरी गोष्ट. आजी, बाहुलीचे पाय तोडलेत हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगितलं ना. श्यामला म्हणाली."

"मी नाही हो, आई. तुम्हीच म्हणालात."

"मी कोणाचं तरी ऐकूनच म्हणाले ना!"

"कोणाचं?" यशोदाबाई म्हणाल्या. "सावकाश आठवा. पाय मालिनीने एकटीने काढले, कुलपात ठेवले. ताटावर रात्रभर पाटा होता. आज सकाळी मी बाहुली उपसली तोवर ती कंबरेपर्यंत केकमध्ये होती. बाहेरून पाय आहेत की नाहीत हे कळायला मार्गच नाही. ज्याने ती आधी एकदा उपसली, त्यालाच ते कळणार. तुम्ही सगळे शपथेवर सांगाल की काल पाय तोडलेले दिसले. कोणालाच दिसले नाहीत. एकाने म्हटलं आणि पंधरा जणींनी पाहिल्यासारखं मानलं. तो एक कोण?"

श्यामलाच्या कपाळावर आठ्या पडल्या. ती कालचा प्रसंग परत उभा करत होती. मग तिचा चेहरा बदलला.

"पुरचुंडी पडली... मी किंचाळले... भाऊजी, तुम्ही फोटो काढत होतात. कॅमेरा खाली घेतलात आणि म्हणालात, 'आई, पायसुद्धा तोडलेत ग हिने.' तुम्ही म्हणालात. मी चिमूला उचलत होते, माझ्या कानाशीच म्हणालात."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तसं झालं होतं. पुरचुंडी पुरेशी होती. पण उपेंद्रला बायकोवरचा आळ आणखी घट्ट बांधायचा होता, आणि त्याने एक गाठ जास्त मारली.

"मालिनीनेच मला सांगितलं होतं पायांचं," तो म्हणाला. आवाजातला मऊपणा गेला होता.

"मी नाही सांगितलं."

मालिनी ओटीवरून आत आली. ती धापा टाकत होती, बहुधा शालिमारपासून चालत आली असावी. तिने कोणाकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडेच पाहिलं.

"मी दवाखान्यात जाऊन आले. शनिवारी दवाखाना उघडा होता. कागद तुम्ही नेलेत, वहीत तुमची सही आहे. डॉक्टरीणबाईंना वाटलं मला सगळं ठाऊक आहे. त्या म्हणाल्या, तुझ्यात काही दोष नाही, नवऱ्याला उपचारांना कधी पाठवतेस?"

आजींनी "म्हणजे?" असं विचारलं, पण त्यांना कळलं होतं. ढुंढिराजांनी दाराची कडी धरली.

उपेंद्र खाली बसला. मग तो आईशी बोलला.

"नऊ वर्षं तू हिला वांझ म्हणायचीस. मी ऐकायचो. मला ते चालायचं. शनिवारी कागद वाचला आणि वाटलं, आता हे सगळं माझ्यावर येणार. तू, कचेरीतले लोक, दादाचे यजमान, सगळे. कागद हिच्या हातात कधी ना कधी पडणार होता. त्याआधी ही जायला हवी होती. आणि अशी जायला हवी होती, की नंतर ही काहीही बोलली तरी कोणी खरं मानू नये."

"आणि चिमू?" श्यामला म्हणाली. "माझ्या मुलीच्या वाढदिवसाला?"

उपेंद्रने तोंड फिरवलं. मालिनी त्याच्याकडे बघत राहिली. नऊ वर्षं काढे, उपास, नवस, त्र्यंबकच्या फेऱ्या. प्रत्येक वेळी हाच माणूस तिच्या बाजूला गप्प उभा होता. कालसुद्धा असाच गप्प उभा होता, असं तिला आत्तापर्यंत वाटत होतं.

आजी उठल्या. त्या मालिनीपाशी आल्या, तिच्या हाताला धरलं. यशोदाबाईंना वाटलं, आता माफी मागतील.

"झालं गेलं गंगेला मिळालं, पोरी. बॅग सोड, कुठे जायचं नाही. पण एवढं ऐक. हे बाहेर जाता कामा नये. बाई, तुम्हीही बोलू नका कुठे. माझ्या मुलाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"आणि हिच्या?" यशोदाबाईंनी विचारलं.



मालिनीने आपला हात सोडवून घेतला. जोराने नाही, हळूच.

"आई, काल इथे पंधरा बायका होत्या. त्यांच्यासमोर तुम्ही मला चेटकीण म्हणालात. आत्ता परत येत होते, तर समोरच्या घरातल्या बाईने तिच्या मुलाला आत ओढलं. मी पाहिलं. त्या सगळ्या घरी जाऊन खरं काय ते कोणीतरी सांगायला हवं. कागदाचं नका सांगू. मला त्यांची अब्रू घ्यायची नाही. पुरचुंडी कोणी घातली तेवढं सांगा. नाही सांगितलंत तर मी एकच्या गाडीने जाईन, आणि ते तुम्ही घालवताय म्हणून नाही."

आजींनी धाकट्या मुलाकडे पाहिलं, थोरल्याकडे पाहिलं. ढुंढिराजांनी आयुष्यभर लोकांच्या पापांची प्रायश्चित्तं सांगितली होती. आज त्यांनी मान खाली घातली. भिंतीवरच्या घड्याळात पावणेबारा झाले.

श्यामला उठली. चिमू तिच्या कडेवर होती. ती सरळ मालिनीपर्यंत आली आणि मुलीला तिच्या हातात दिलं. चिमूने दोन्ही हातांनी काकूच्या मानेला मिठी मारली, आणि कालपासून न रडलेली मालिनी तिच्या केसांत तोंड घालून रडायला लागली.

"श्यामला, कुठे निघालीस?" आजींनी विचारलं.

श्यामलाने ओटीवर चपला पायात सरकवल्या होत्या.

"सगळ्यांसमोर चिमूला मीच ओढून नेलं होतं तिच्यापासून. आता जाते. पहिलं घर समोरचं."

फाटक वाजलं. थोड्या वेळाने समोरच्या ओट्यावरून तिचा आवाज ऐकू आला, नेहमीपेक्षा मोठा, रस्त्यावरच्या चार घरांना ऐकू जावा एवढा.

"सुलाबाई, बाहेर या जरा. पुरचुंडी मालिनीने घातली नव्हती. आमच्या भाऊजींनी घातली होती."